मुरुडचा बंद राजवाडा

फज्रची नमाज आटोपून आम्ही घाटकोपरहून निघालो. पनवेल, पेण, अलिबाग, रेवदंडा करीत काशीद मागे पडले आणि मुरुडच्या अलीकडे, समुद्राकाठच्या टेकडीवर जंजिऱ्याच्या नवाबांचा राजवाडा दिसला. १८८५ सालची ही वास्तू. मोगली घुमट आणि युरोपीय धाटणीच्या कमानी एकत्र नांदतात. धाकटीने पुस्तकात फ्रान्सच्या व्हर्साय राजवाड्याची चित्रे पाहिली होती. तिला तशीच दालने, तशाच बागा पाहायच्या होत्या. पण व्हर्सायमध्ये १८३७ सालीच संग्रहालय झाले; हा वाडा मात्र खाजगी मालमत्ता. फाटकाबाहेरूनच पाहावा लागला. पोर हिरमुसली.

राजपुरीहून होडीने जंजिऱ्यात गेलो. (पावसाळ्यात किल्ला बंद असतो, हे ध्यानात ठेवावे.) भक्कम बुरूज, कलालबांगडी तोफ आणि भर समुद्रात गोड्या पाण्याचे तळे! सुरूलखानाच्या वाड्याच्या मात्र भिंतीच उरल्या आहेत.

"इथले राजे कोण होते?" धाकटीने विचारले.

"सिद्दी. म्हणजे हबशी, मूळचे आफ्रिकेतले," अब्बा म्हणाले. "त्यांचे राज्य १९४८ पर्यंत टिकले. आणि हबशीच असलेला मलिक अंबर तर गुलाम म्हणून विकला गेला होता; पुढे निजामशाहीचा कारभार त्याच्या हाती आला."

"म्हणजे ते माझ्यासारखे काळे होते?"

आम्ही दोघेही गप्प झालो. गेल्या महिन्यात एका लग्नात तिच्या रंगावरून पाहुण्यांनी थट्टा केली, तेव्हा आम्ही हसून वेळ मारून नेली होती. तिने ते मनात ठेवले होते तर!

अब्बांनी तिला जवळ घेतले. "बेटा, हजरत बिलाल (रजि.) हबशीच होते. मक्का फतेह झाली, तेव्हा काब्याच्या छतावरून अजान देण्याचा मान हुजूरांनी (स.) त्यांनाच दिला."

परतताना खोकरीच्या दगडी मकबऱ्यांपाशी थांबलो. १६८९ साली मुंबईवर चालून येऊन इंग्रजांना त्यांच्या किल्ल्यात कोंडणारा सिद्दी याकूतखान इथेच विसावला आहे. आम्ही फातिहा पढलो. धाकटीही हात उचलून उभी होती.

राजवाड्याचे फाटक उघडले नाही, याची आता तिला खंत नव्हती. पुन्हा कुणी तिच्या रंगावर बोलले, तर गप्प बसायचे नाही, एवढे आम्ही मात्र त्या वाटेवर ठरवले. इन्शाअल्लाह.