चढावर ठणठणीत, सपाटीला दगा

गाडी साफ बंद पडली, तर मेकॅनिकला दोष सापडतो. पण रस्त्यात बंद पडणारी गाडी गॅरेजच्या दारात पोचताच शहाण्या मुलासारखी वागू लागली, की काय करायचं? तुमच्याकडे कधी जुनी स्कूटर असेल, तर हा छळ तुम्हाला ठाऊक असेल.

आमची अॅम्बॅसेडर मार्क टू १९७२ची, बाबांनी सेकंडहँड घेतलेली. दिल्ली-एनसीआरमध्ये १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली, तेव्हा ती कापडाखाली गेली. पुढे २०२१च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली. रोज फिरवता येत नाही, पण रॅलीला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला नेता येते. दिल्लीत स्टेट्समनची रॅली १९६४पासून भरते. त्या रॅलीत एकदा आपली गाडी न्यायची, एवढीच ८१ वर्षांच्या बाबांची इच्छा.

आणि नोएडाहून गॅरेजला नेताना डीएनडीवर, ताशी ५०च्या वेगात, इंजिन गप्प झालं. मागून सुसाट गाड्या येत होत्या. खिडकीतून हात काढून कशीबशी कडेला घेतली. किल्ली फिरवली, लगेच चालू! असं तीनदा झाल्यावर घरात विषय निघाला, की आता विकून टाकू. बाबा काही बोलले नाहीत. मला ते जास्त लागलं.

एक गोष्ट नक्की होती. पेट्रोल कमी पडलं, तर इंजिन आचके देत मरतं. इथे दिवा मालवावा तसं व्हायचं, म्हणजे गडबड करंटची. जुन्या इंजिनात डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडले, की कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट होऊन प्लगला ठिणगी मिळते. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० ठिणग्या! त्या साखळीतलं काहीही निखळू शकतं. करोल बागेतल्या उस्तादांनी पॉइंट घासले, गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटरमध्ये बसवली, कंडेन्सर बदलला, कॉइलही बदलली. दोष तसाच.

कोणी म्हणालं, इलेक्ट्रॉनिक किट बसवा. पण दोष कुठे आहे हे कळल्याशिवाय नवीन वस्तू बसवणं मला पटत नाही, मग ती कितीही चांगली असो.

मार्ग सापडला तो बाबांच्या डायरीत. सरकारी नोकरीची सवय. शेजारी बसून ते प्रत्येक वेळी वेग, रस्ता, चढ-उतार लिहीत होते. फ्लायओव्हर चढताना गाडी एकदाही बंद पडली नव्हती. सपाटीवर, हलक्या पायाने चालवताना पडायची. पाय काढला, की कधी कधी आपोआप पुन्हा धरायची.

उस्तादांनी पान वाचून घेतलं आणि हसले. "बाबूजी, ये तो वैक्यूम का टाइम है।" हलक्या अॅक्सिलरेटरवर कार्बोरेटरकडून येणाऱ्या नळीत हवेची ओढ वाढते. ती डिस्ट्रिब्युटरमधली पॉइंटची प्लेट थोडी फिरवते, म्हणजे ठिणगी लवकर पडते. चढावर थ्रॉटल पूर्ण उघडं असतं, तेव्हा ओढ कमी. आयडलिंगला जवळपास नाहीच. म्हणून गॅरेजमध्ये उभ्या गाडीत दोष दिसत नव्हता!

त्यांनी कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला टेस्ट लॅम्प लावला, त्याचं दुसरं टोक बॉडीला. मी पुढून हँडल फिरवत होतो. दिवा लागत-विझत होता, म्हणजे पॉइंट काम करत होते. मग त्यांनी नळी कार्बोरेटरकडून काढली आणि तोंडाने ओढली. प्लेट सरकली. मी हँडल फिरवत राहिलो, पण दिवा लागलेलाच राहिला, विझेना. पॉइंटपर्यंतचा रस्ता तुटला होता.

आतली बोटभर वायर. वरचं आवरण शाबूत, आतल्या तारा तुटलेल्या. प्लेट सरकली की टोकं सुटायची, परत आली की टेकायची. उस्तादांनी जुन्या डिस्ट्रिब्युटरमधली तशीच मऊ, बारीक तारांची वायर काढून लावली. जाड, कडक वायर तिथे लवकर तुटते, असं त्यांचं म्हणणं.

परतताना डीएनडीवर बाबांनी ५०लाच चालव म्हणून बजावलं. पलीकडे पोचल्यावर डायरीत एकच शब्द लिहिला: ठीक.

तुमच्याकडे पॉइंटवाली गाडी असेल, तर इंजिन बंद ठेवून, कॅप काढून ती वायर एकदा बोटाने हलवून बघा.