दोघांची केबिन

"बाल्कनी की खिडकी?"

रात्रीचे साडेअकरा. माझ्या मांडीवर लॅपटॉप, नवरोबाच्या मांडीवर लॅपटॉप आणि मध्ये मॅगीचा एकच बाऊल. गेले दोन आठवडे आमच्या घरात हाच प्रश्न गाजतोय. जहाजावर बाल्कनीवाली केबिन घ्यायची, नुसत्या खिडकीची, की सगळ्यात स्वस्त, बिनखिडकीची? वन बीएचके घेताना आम्ही एवढा विचार केला नव्हता. तेव्हा विचार बँकेनं केला होता!

तर मंडळी, आम्ही क्रूझला जातोय. मुंबई-गोवा-मुंबई, तीन रात्री, फक्त दोघं.

यातल्या 'फक्त दोघं'वर जरा थांबते. आमचं लग्न मे २०२१ मधलं. पंचवीस माणसं, दोन तास, तोंडाला मास्क, असा तेव्हाचा सरकारी नियम. हनिमून 'नंतर बघू' खात्यात जमा झाला तो तिथेच राहिला. माझं माहेर मंचर, तालुका आंबेगाव. सासर नारायणगावजवळ, तालुका जुन्नर. दोन्ही पुणे-नाशिक हायवेवर, एकाच रांगेत. त्यामुळे शनिवार आला की चाकणच्या ट्रॅफिकमध्ये तास काढायचा, मंचरला मम्मीकडे चहा, सासरी मुक्काम, रविवारी रात्री गाडीच्या डिकीत भाजी भरून परत. चार वर्षांत आमचे जेवढे वीकेण्ड झाले, त्यातले दोघांचे म्हणावेत असे बोटांवर मोजता येतील. तक्रार नाही हं, माणसं गोड आहेत. पण आहे हे असं आहे.

पहिला प्रश्न : कधी?

पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र खवळलेला, म्हणजे जून ते सप्टेंबर बाद. ऑक्टोबरात आमच्याकडे द्राक्षबागेची छाटणी. मग दिवाळी. जानेवारी ते मार्च द्राक्षाची तोडणी, तेव्हा घरातला माणूस बागेत नाही म्हणजे गुन्हाच. चैत्रात गावची यात्रा, तिला गैरहजर राहिलं तर पुढच्या यात्रेपर्यंत ऐकावं लागतं. शिवाय नवऱ्याचं ऑफिस हिंजवडीत, त्याच्या रिलीजच्या तारखा वेगळ्याच. ख्रिसमस आणि न्यू इयरला दर वर जातात. हे सगळं एक्सेलमध्ये लाल रंगवलं तेव्हा हिरवे उरले डिसेंबरचे पहिले दोन आठवडे. बास. माझी टिप : जहाजाच्या तारखा नंतर बघा, आधी घरचं कॅलेंडर भिंतीवरून खाली काढा.

दुसरा प्रश्न : किती?

आमचं बजेट ७५ हजार, पुण्याच्या दारातून निघून दारात परत येईपर्यंत. साइटवर दिसणारा आकडा बघून मी आधी खूष झाले. मग कळलं, तो 'पर पर्सन' आहे आणि केबिनमध्ये दोघं धरून आहे. म्हणजे दुप्पट करा. त्यात पोर्ट चार्जेस मिळवा, ग्रॅच्युइटी मिळवा, जीएसटी मिळवा. तिकिटात राहणं, ठरावीक रेस्टॉरंटमधलं जेवण, पूल आणि बरेचसे शो असतात. ड्रिंक्स, स्पा, स्पेशल रेस्टॉरंट, वाय-फाय आणि गोव्यात उतरून फिरायची सहल यांचे पैसे वेगळे. जहाजावर पाकीट काढावं लागत नाही, सगळं केबिनच्या नावावर लिहिलं जातं आणि बिल शेवटी येतं. म्हणूनच भीती! आम्ही 'वरखर्च' असा वेगळा कॉलम केला आणि त्यात दहा हजारांवर जायचं नाही अशी शपथ घेतली. कॅन्सलेशनचे नियमही वाचा. तारीख जितकी जवळ येते, तितकी कपात वाढत जाते.

आणि कंपनी सध्या चालू आहे ना, तेही बघा. हसू नका. २०१८ मध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' सुरू झाली, २०१९ मध्ये 'कर्णिका' आली. तेव्हा मैत्रिणींनी टाकलेले फोटो मी अजून सेव्ह करून ठेवलेत, पण त्या दोन्ही सफरी आता नाहीत. सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून कॉर्डेलियाची 'एम्प्रेस' निघायला लागली. हे जहाज मूळचं १९९० चं. म्हणजे माझ्याहून सात वर्षांनी मोठं!

तर पुन्हा, बाल्कनी की खिडकी? मला बाल्कनी हवी होती. सकाळी उठून कॉफीचा मग घेऊन समुद्र बघायचा, वगैरे वगैरे. नवरोबाचं लॉजिक सरळ : केबिनमध्ये आपण फक्त झोपणार, बिनखिडकीची घेऊ, वाचलेले पैसे गोव्यात उडवू. त्यात मला गाडी लागते. माळशेज घाट मी आजवर डोळे उघडे ठेवून पूर्ण बघितलेला नाही. समुद्रात काय होईल? दोन मित्रांनी दोन सल्ले दिले, तिसऱ्यानं दोन्ही खोडले.

शेवटी एका रविवारी सासरी, ओट्यावर बसून आम्ही हळू आवाजात भांडत असताना आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, पेपर खाली केला.

"कंची बोट?"

घरी अजून सांगितलं नव्हतं. 'एवढे पैसे पाण्यात घालताय?' हा विनोद मला ऐकायचा नव्हता. पण आता सांगावंच लागलं. आबांनी विचारलं, सुटणार कुठून? मी म्हटलं, बॅलार्ड पिअर. ते म्हणाले, "म्हंजे ग्रीन गेटनं आत."

मी बघतच राहिले. आबा मुंबईला 'कामाला होते' एवढंच मला माहीत होतं. जुन्नर-आंबेगावातली घरटी एक-दोन माणसं मुंबईला कामाला असायचीच. कोणी डबेवाले, कोणी भाजी मार्केटात, कोणी गोदीत. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरातला माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा, हे मी शाळेत पाठ केलं होतं. पण आमच्याच घरातला माणूस त्या घाटांनी खाली उतरून बंदरात सत्तावीस वर्षं राबला, हे मला लग्नाला चार वर्षं होऊन गेल्यावर कळत होतं. आबा इंदिरा गोदीत होते. १९१४ मध्ये ती बांधली तेव्हा तिचं नाव अलेक्झांड्रा. जहाजाच्या पोटात उतरायचं, पोती-खोकी लावायची, नाहीतर काढायची. १९८९ मध्ये पलीकडे न्हावा-शेवा सुरू झालं, कंटेनर तिकडे वळले, हळूहळू इकडचं काम आटलं आणि आबा व्हीआरएस घेऊन गावी आले.

"मधली केबिन घे," ते म्हणाले. "खालच्या मजल्यावर. बोट हलती ती टोकांना आन वरती. मधी, पोटाजवळ माणूस गप झोपतो."

दोन आठवड्यांचा प्रश्न दोन वाक्यांत सुटला! नंतर मी वाचलं तर तिथेही तेच : मळमळणाऱ्यांनी जहाजाच्या मध्यावरची, खालच्या डेकवरची केबिन घ्यावी, त्रास झाला तर उघड्या डेकवर येऊन क्षितिजाकडे बघावं. खिडकीची, मधली, खालची. ठरलं.

आणि मग आमच्या दोघांच्याही डोक्यात एकदमच आलं. हा माणूस सत्तावीस वर्षं जहाजात चढला-उतरला, पण कधी कुठल्या जहाजातून कुठे गेला नाही. आता आपण दोघंच जायचं?

परतीच्या वाटेवर गाडीत कोणी बोललं नाही. घरी येऊन मी गुपचूप चौघांच्या केबिनचा दर काढला. तिसऱ्या-चौथ्या माणसाला तिकीट कमी पडतं, वरचे दोन बर्थ भिंतीतून खाली येतात. हिशोब बसत होता. आणि खरं सांगू का, तो बसतोय हे बघून मला रडू आलं. आपण इतक्या स्वार्थी आहोत का, असंही वाटलं. नवरा म्हणाला, "तू म्हणशील तसं." मला या वाक्याचा फार राग येतो.

पुढच्या रविवारी मीच विषय काढला. "आबा, आई, तुम्ही पण चला ना." आबा हसले. "बोटी बघून झाल्या पोरी." सासूबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "दोघांनाच येगळी खोली देत्यात?"

"हो."

"आतून कडी लागती?"

"हो, आई."

"मग जावा की दोघंच."

नंतर स्वयंपाकघरात त्या बोलल्या. आबा मुंबईला गाळ्यात राहायचे. गावातली अठरा माणसं एका खोलीत, वळकट्या भिंतीला, जेवण खानावळीचं. गाळ्यात बायकांनी राहायची पद्धत नव्हती. आबा यायचे यात्रेला, दिवाळीला आणि सुगीला. सत्तावीस वर्षांत आई मुंबईला एकदाच गेल्या, चार दिवस, त्याही चुलत नणंदेकडे. राणीची बाग बघितली, महालक्ष्मी केली. "गोदी न्हाई दावली त्येंनी. म्हनले, बायामाणसाला आत सोडत न्हाईत." एवढं सांगून त्यांनी मेथी धुवायला घेतली. आवाजात ना तक्रार, ना काही.

मी मात्र हलले. आमच्या दोघांमध्ये मुंबई नाही, घाट नाही. एकाच सोफ्यावर बसतो आम्ही, दोन लॅपटॉप घेऊन.

त्याच आठवड्यात आमचं खरं भांडण झालं, वाय-फायवरून. किनारा सुटला की काही वेळात मोबाइलची रेंज जाते. जहाजावर वाय-फाय असतं, पण त्याचं पॅकेज वेगळं घ्यावं लागतं. नवरा म्हणाला, घेऊन टाकू, ऑफिसचं काही आलं तर? मी म्हटलं, मग ऑफिसलाच घेऊन जा क्रूझवर. आवाज वाढले. आणि मग तो एकदम म्हणाला, "तीन दिवस फोन नाही म्हटल्यावर आपण बोलणार काय गं?"

मी चिडणार होते. पण मलाही हीच भीती वाटत होती. भाजी, ईएमआय, कोणाच्या घरी कधी जायचं, हे वजा केलं तर आमच्याकडे काय उरतं, हे आम्ही दोघांनीही बऱ्याच दिवसांत तपासलं नव्हतं. ते बोलून झाल्यावर जरा हलकं वाटलं. पॅकेज घेतलं नाही. इमर्जन्सीसाठी क्रूझ कंपनीचा हेल्पलाइन नंबर, आमचा बुकिंग नंबर आणि केबिन नंबर कागदावर लिहून दिराकडे दिलाय. तुम्हीही द्या. आणि डेकवर गेल्यावर फोन फ्लाइट मोडवर टाका, जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क आपोआप पकडलं गेलं तर बिल भयंकर येऊ शकतं.

बाकीचे प्रश्न फटाफट :

कागदपत्रं? देशातल्या देशात जायचं तर पासपोर्ट लागत नाही, सरकारी फोटो आयडी चालतं. पण ओरिजिनल न्या आणि तिकिटावरचं नाव त्याच्याशी जुळवा. माझ्या आधारवर अजून माहेरचंच नाव आहे, म्हणून बुकिंगही त्याच नावानं केलं.

पोचायचं कसं? बोर्डिंग जहाज सुटायच्या बऱ्याच आधी बंद होतं. एक्स्प्रेस-वेच्या भरवशावर राहू नका. आम्ही सकाळच्या डेक्कन क्वीननं जाणार. सीएसएमटीहून बॅलार्ड पिअर टॅक्सीनं अगदी जवळ आहे.

कपडे? एका संध्याकाळी नटायचं, बाकी सुटसुटीत. डेकवर वारा असतो, स्टोल किंवा जर्किन हवंच. चपला न घसरणाऱ्या.

मळमळ? गोळी डॉक्टरांना विचारून, आणि त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायची. बॅगेत आलेपाक.

खाणं? शाकाहारी, जैन सगळं मिळतं. मम्मी मंचरहून मासवडी करून देणार होती. घरचं शिजवलेलं अन्न वर नेता येत नाही, असं आमच्या बुकिंगच्या नियमांत लिहिलंय, हे तिला सांगितल्यावर ती क्रूझवरच नाराज झाली. मासवडी आल्यावर खाऊ.

आणि एक शेवटचा कॉलम मी एक्सेलमध्ये वाढवलाय. दर महिन्याला तीन हजारांची आरडी, आई-आबांच्या नावानं. त्यांचीही केबिन दोघांचीच, मधली, खालच्या डेकवरची. तारीख वेगळी, आम्ही सोबत नसताना. आबा नको म्हणतील. आईंना मी अजून विचारलेलं नाही, पण परवा त्यांनी सहज विचारलं, बोटीत नऊवारी चालती का. चालते म्हटलं.

बुकिंग झालं त्या रात्री आबांचा फोन आला. "सुटताना रेंज असंल ना?" असेल, मी म्हटलं. "मंग वरती ये आन मला फोन लाव. तू काय दिसतंय ते सांग, मी ते काय हाय ते सांगतो."

तेवढा एक फोन करणार आहे. मग फ्लाइट मोड.