काचेची पाटी

२०१० सालच्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्स यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे आयपॅड प्रथमच लोकांपुढे मांडला, तो व्यासपीठावरील एका खुर्चीत निवांत रेलून बसून. वर्तमानपत्र चाळावे, चित्रपट पाहावा, बोटाने पान सरकवावे. हे घेण्याचे यंत्र आहे, घडवण्याचे नव्हे, असे तेव्हा पुष्कळांनी म्हटले. २०२० च्या टाळेबंदीतील शाळेने ही काचेची पाटी आमच्या धर्मग्रामातही घरोघरी पोहोचवली. “फादर, पोराच्या हातून ती काढून घेऊ का?” असे आईबाप आम्हांस विचारतात.

उत्तर देताना आम्हांस एक चित्रकार आठवतो. डेव्हिड हॉकनी हे १९३७ साली इंग्लंडातील ब्रॅडफर्ड येथे जन्मले. आयपॅड बाजारात आला तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. त्यांच्या कोटांना चित्रवहीसाठी आतून मोठे खिसे शिवलेले असत. हे नवे यंत्र त्याच खिशात मावले. २०११ च्या हिवाळ्यापासून ते यॉर्कशरमधील वोल्डगेट नावाच्या जुन्या रस्त्यावर पुनःपुन्हा जात आणि निष्पर्ण झाडे हिरवी होताना रेखाटीत. जलरंग सुकण्याची वाट पाहावी लागते. तोवर उजेड पालटतो. येथे एका रंगावर दुसरा तत्काळ चढवता येई. अंधारातही पाटी स्वतःच उजळलेली, म्हणून पहाट होतानाच पहाट काढता येई. अशी ५१ चित्रे मोठ्या कागदांवर छापली गेली आणि २०१२ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत मांडली गेली.

कोणी म्हणेल, त्या हाताला अर्धशतकाचा सराव होता. आमच्या पोराला कोठला? आक्षेप खरा आहे. गुळगुळीत काच बोटाला कागदासारखा अडसर करीत नाही आणि चुकलेली रेघ क्षणात पुसली जाते, ही सोय शिकाऊ हाताला आळशी करू शकते, असे आमचे मत आहे. घरात कागद-पेन्सिल असावीच. परंतु मूल किती तास पाटीपुढे बसले, एवढेच मोजून भागत नाही; उठताना त्याचे स्वतःचे असे काही मागे उरले काय, हेही पाहावे. आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातील एका मुलीने आजीची लग्नगीते त्याच पाटीवर ध्वनिमुद्रित केली आणि प्रत्येक गीताला एक चित्र काढले. चित्रे कच्ची आहेत. आजीचा आवाज मात्र आता त्या घरात राहिला.

हॉकनी यांचे आणखी एक काम आम्हां धर्मगुरूंना विशेष जवळचे वाटते. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत (ते मंदिर अँग्लिकन पंथाचे) राणी दुसरी एलिझाबेथ हिच्या कारकिर्दीच्या गौरवार्थ २०१८ साली एक रंगीत काचेची खिडकी बसवण्यात आली. तिचा आराखडा त्यांनी आयपॅडवरच केला. विषय कोणी संत नव्हे, राजमुकुटही नव्हे, तर यॉर्कशरच्या वाटेवरील हॉथॉर्न या काटेरी झाडाचा बहर. मागून उजळणाऱ्या पाटीवर काढलेले चित्र मागून सूर्य उजळील अशा काचेत उतरवायचे होते. ते यंत्राने उतरवले नाही. यॉर्क येथील बार्ली स्टुडिओच्या कारागिरांनी एकेक रंगाची काच कापली आणि शिशाच्या पट्ट्यांत जुन्याच रीतीने बसवली.