बेरीज नऊ आली पाहिजे

माझ्याकडे स्पोर्ट्स कार नाही. ही गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी, नाहीतर वाचकांपैकी एखादा इन्कमटॅक्सवाला उगीच कान टवकारायचा. बँकेतल्या कारकुनाला शोभेल अशी एक स्कूटर तेवढी माझ्याजवळ आहे. पण म्हणून स्पोर्ट्स कारच्या मालकांना सल्ला देताना मला संकोच वाटत नाही. वीस वर्षे मी बँकेत दुसऱ्यांचेच पैसे मोजत आलो आहे. त्यात आपला एक रुपयाही नसला की मोजणी कशी निर्विकार होते!

शिवाय माझे ज्ञान ऐकीव नाही. माझा धाकटा मेहुणा इंग्लंडात असतो. त्याने तिथे १९७२ सालची एम. जी. बी. विकत घेतली आणि ती आपल्या हातांनी दुरुस्त करायचा पण केला. साठवलेली रजा खर्चून आम्ही उभयता तीन आठवडे त्याच्याकडे गेलो. सौ.ने लंडन पाहिले. मी गाडीजवळ स्टुलावर बसून मेहुण्याला पाने पुरवले.

ही गाडी १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावी तयार होत असे. दोन माणसांची, आणि जमिनीला इतकी लगटून की आत बसायचे म्हणजे पंगतीत पाटावर बसल्यासारखे वाटते. पण बॉनेट उघडले आणि परमुलुखात गाववाला भेटावा तसे मला झाले. तिचे १७९८ सी.सी.चे इंजिन आणि आपल्या अ‍ॅम्बॅसडरचे ते जुने १४८९ सी.सी.चे पेट्रोल इंजिन एकाच घराण्यातले, ‘बी-सिरीज’! एका भावाने गळ्यात मफलर बांधून समुद्रकिनारी हवा खाल्ली, दुसऱ्याने जन्मभर मंत्री आणि वऱ्हाडी वाहिले. नशीब एकेकाचे.

घरच्या घरी गाडी दुरुस्त करणाऱ्यांचे तिकडे एक दैवत आहे, जॉन हेन्स. हे गृहस्थ १९६५ साली विमानदलाच्या नोकरीत एडनला होते. तिथे सहकाऱ्याची ऑस्टिन-हीली स्प्राइट त्यांनी दुरुस्तीला घेतली. कंपनीचे पुस्तक सामान्य माणसाच्या कामाचे नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी पायरीपायरीला फोटो काढत काम केले. त्यातूनच १९६६ साली त्यांचे पहिले मॅन्युअल निघाले.

अशा पुस्तकांचे मला एकच नवल वाटते. भाग सोडवायच्या पंधरा पायऱ्या तपशीलवार सांगतात आणि जोडायची वेळ आली की एका ओळीत मोकळे होतात – हेच उलट क्रमाने करावे! हे म्हणजे, सप्तपदी उलटी चालली की माणूस पुन्हा ब्रह्मचारी होतो असे म्हणण्यासारखे आहे. यावर माझा उपाय असा : स्वयंपाकघरातले इडलीपात्र मागून घ्यावे. पहिल्या खळग्यात पहिला बोल्ट, दुसऱ्यात दुसरा. शेवटी एकही खळगा भरलेला राहता कामा नये. कॅश टॅली करण्याची हीच पद्धत आहे, फक्त तिथे चटणी नसते.

आता टॅपेट. इंजिनात आठ व्हॉल्व्ह. ते ज्यांच्या दाबाने उघडतात त्या रॉकरमध्ये आणि व्हॉल्व्हमध्ये, इंजिन थंड असताना, इंचाच्या पंधरा हजारांशाइतकी फट ठेवायची असते. फट जास्त झाली की इंजिन टकटक करते. कमी झाली तर ते तक्रार करत नाही, पण व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि हळूहळू जळतो. (तेव्हा कुरकुर करणाऱ्यापेक्षा गप्प बसणाऱ्याकडे आधी बघावे, हे संसारातही खरे.) पण कुठला व्हॉल्व्ह केव्हा तपासायचा? त्याचा नियम मेहुण्याने वाचून दाखवला आणि माझ्यातला बी. कॉम. गहिवरला. दोन नंबरांची बेरीज नऊ आली पाहिजे! आठवा पूर्ण उघडला की पहिला तपासा, सहावा उघडला की तिसरा, चौथा उघडला की पाचवा. मी आकडे पुकारत गेलो, तो फीलर गेज घालत गेला. अर्ध्या तासात आठही खाती जुळली.

दोन कार्ब्युरेटरांचे असेच. रबरी नळीचे एक टोक कानाशी धरायचे आणि दुसरे आळीपाळीने दोघांच्या तोंडाशी. दोन्हीकडचा फुसफुसाट सारखा ऐकू आला की इंजिन सुरळीत चालते. आई आणि बायको यांच्यामध्ये बसून चहा प्यायची सवय असलेल्याला हे शिकवावे लागत नाही. बॅटरी मात्र जपून! १९६७ पर्यंतच्या एम. जी. बी.त बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे, त्यानंतर ऋण. थोडक्यात, डेबिट-क्रेडिटची अदलाबदल झाली. हे न बघता रेडिओ बसवाल तर त्यातून गाण्याऐवजी धूर येईल.

इथवर सगळे हसण्यावारी नेता येते. पुढचे नाही.

बँकेत प्रत्येकाच्या सहीला मर्यादा असते. अमुक रकमेपर्यंत मी पास करायचे, त्यावर साहेबांनी. यात कुणाचा अपमान नसतो. गाडीवाल्यानेही असा तक्ता गॅरेजच्या भिंतीवर लावावा. ऑइल, फिल्टर, प्लग, टॅपेट : आपली सही चालेल. ब्रेक आणि स्टिअरिंग : जाणत्या माणसाची दुसरी सही झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढायची नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल पीत असते, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे. पण बदलल्यावर नळ्यांत हवा राहिली नाही ना, हे दुसऱ्याने पाहावे. आणि जॅक? जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, उचलून धरण्यासाठी नव्हे. खाली जायचे तर सपाट, टणक जमिनीवर लोखंडी स्टँड लावूनच. विटाही नकोत. वीट फुटते ती पूर्वसूचना देऊन फुटत नाही.

दुसऱ्या रविवारी मेहुणा नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायला निघाला.

“भाऊजी, नऊ-सोळाचा पाना द्या.”

“आधी स्टँड आण.”

“दुकान लांब आहे हो. दोन मिनिटांचं तर काम!”

“बँकेत जेवढे घोटाळे मी पाहिले ना, ते सगळे दोन मिनिटांच्याच कामातले होते.”

तो चिडला. मी पाना मांडीवर ठेवून बसून राहिलो. आत त्याची बहीण पोळ्या लाटत होती. तिला काही सांगायची वेळ माझ्यावर यायला नको होती. शेवटी पाय आपटत तो गेला आणि स्टँड घेऊन आला. काम खरोखरच दोन मिनिटांत झाले. त्या दिवशी जेवताना तो माझ्याशी बोलला नाही. पण पुढच्या रविवारी मी बाहेर येण्याआधीच स्टँड लावलेले होते.

पैशांचे विचाराल तर घरच्या दुरुस्तीत बचत होते असे कुणी सांगितल्यास विश्वास ठेवू नका. वाचलेली मजुरी जमेला आणि पाने, गेज, स्टँड खर्चाला धरले की खाते अजून काही वर्षे तोट्यातच राहणार. पण परत निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मेहुण्याने गाडी सुरू केली, मान वाकडी करून क्षणभर ऐकले आणि म्हणाला, “भाऊजी, तिसरा थोडा बोलतोय.” हे कुठल्या खात्यात लिहायचे ते कॉमर्स कॉलेजात शिकवत नाहीत.

बँकेत सगळे अजून विचारतात, इंग्लंडात काय काय पाहिलंत? मी सांगतो, एम. जी. बी. पाहिली, खालून. आणि मेहुणा पाहिला, धडधाकट.