घाट चढणाऱ्या जुन्या गाड्या

चेंबूरहून सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी जाताना वाटेत तीन घाट लागतात. बोरघाट, कात्रज आणि खंबाटकी. एसटीने जाणाऱ्याला हे घाट पोटातल्या मळमळीमुळे आठवतात. आम्हाला ते रेडिएटरमुळे आठवतात. कारण ऐन तरुणपणी आम्ही हे तिन्ही घाट दुसऱ्याने वापरून टाकून दिलेल्या गाड्यांतून चढलो.

२००१ सालची गोष्ट. आम्ही बी.कॉम. होऊन नुकतेच क्लार्कच्या नोकरीला चिकटलो होतो. आम्ही, आमचा मावसभाऊ आणि चाळीतला एक मित्र, अशा तिघांनी प्रत्येकी ६ हजार काढून १८ हजारांना १९८६ ची प्रीमियर पद्मिनी घेतली. एवढी स्वस्त का, तर खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपत आली की मालकाला पुन्हा आरटीओत गाडी तपासून घ्यायची असते आणि त्यासाठी पत्रा, ब्रेक, दिवे यांवर खर्च करायचा असतो. पैसेवाला तो खर्च टाळतो आणि गाडी विकतो. आमच्यासारख्यांची संधी नेमकी तिथेच असते.

पद्मिनीच का, हेही सांगितले पाहिजे. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे तेव्हा पद्मिनीच. त्यामुळे तिचा मिस्त्री प्रत्येक नाक्यावर आणि तिचा स्पेअर पार्ट प्रत्येक गल्लीत मिळे. गाडीचा कारखाना कुर्ल्याला आणि जुन्या सुट्या भागांचा बाजारही कुर्ल्यालाच, सीएसटी रोडला. त्या बाजारात आमचे किती रविवार गेले याचा हिशेब नाही. एका दुकानापुढे नुसते दरवाजे उभे केलेले, दुसऱ्यापुढे गिअरबॉक्सची रास, तिसरीकडे तारेत ओवलेले आरसे आणि हँडल. तिथे जाताना जुना मोडका पार्ट पिशवीतून न्यायचा, हा पहिला नियम. तोंडाने वर्णन करणाऱ्याला दुकानदार नवखा समजतो आणि भाव दुप्पट सांगतो. तेलकट पार्ट काऊंटरवर ठेवला की तो हातात घेऊन नुसता फिरवतो आणि पोऱ्याला आत पाठवतो.

गाडी चालवायला आम्हाला अण्णांनी शिकवले. अण्णा आमचे वडील. त्यांनी २६ वर्षे एका साहेबांची गाडी चालवली. सहा वेगवेगळ्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या, पण एकीच्याही मागच्या सीटवर ते कधी बसले नाहीत. आम्ही गाडी घेतली म्हणताच आईला आनंद झाला. अण्णा मात्र खाली उतरले, बॉनेट उघडून पाच मिनिटे बघत राहिले आणि म्हणाले, "रोज सकाळी गाडी थंड असताना पाणी आणि ऑइल बघायचं. मग किल्ली फिरवायची. आधी नाही."

पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. पुढची सीट बाकड्यासारखी सलग, त्यामुळे पुढे तिघे आरामात मावत. इंजिन १०८९ सीसीचे. थंडीत चोक ओढल्याशिवाय ते जागे होत नसे. ब्रेक असा की दाबायच्या आधी दोन गाड्या पुढचा विचार करावा लागे. अण्णा म्हणत, "हिच्यावर शिकला तो कुठलीही चालवील." ते खरे निघाले.

त्याच वर्षी मे महिन्यात आम्ही गावी निघालो. आत्या अंथरुणाला खिळली होती आणि अण्णांना तिला भेटायचे होते. एक्सप्रेस वेचा टोल नको म्हणून खोपोलीवरून जुना रस्ता धरला. घाटात ट्रकांची रांग लागली. पद्मिनीचा पंखा पट्ट्यावर चालतो. गाडी रांगेत सरपटू लागली की इंजिन मंद, म्हणून पंखाही मंद, आणि ऊन मात्र वरून तेवढेच. काटा लालवर गेला आणि गाडी फुरफुरून बंद पडली. मावसभाऊ म्हणाला, इंजिन बसले. अण्णा खाली उतरले, पंचा पाण्यात भिजवला आणि पेट्रोल पंपावर गुंडाळला. इंजिनाच्या धगीने पंपात पेट्रोलची वाफ होते आणि वाफ पुढे सरकत नाही, एवढेच ते दुखणे. अर्धा तास थांबायचे. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडायचे नाही, नाहीतर तोंड भाजते.

त्या अर्ध्या तासात आम्ही चढावरच्या शिंग्रोबाच्या देवळापर्यंत चालत गेलो. घाटाची वाट इंग्रजांना एका धनगराने दाखवली, तोच हा शिंग्रोबा, अशी आख्यायिका आहे. ट्रकवाले जाताना नाणे टाकतात. आम्ही नाणे टाकले नाही. पण वाट ज्याला ठाऊक होती तो गुराख्यांतला होता, हे ऐकून अण्णा थोडा वेळ त्या देवळाकडे बघत उभे राहिले.

गाव आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. आमच्या वस्तीकडे जायला दोन वाटा. एक गावाला वळसा घालून बाहेरची, दुसरी वेशीतून, बाजारपेठेतून. आमचे आजोबा जन्मभर बाहेरच्या वाटेने गेले. आम्ही फाट्यावर सवयीने वळणार तोच अण्णा म्हणाले, "वेशीतून घे." एवढेच. पारावरची माणसे गाडीकडे बघत होती. अण्णा पुढच्या सीटवर ताठ बसले होते, कोणाकडे बघत नव्हते. आत्याने गाडीचा आवाज ऐकून विचारले, कोण साहेब आला? पुढे दोन महिन्यांनी ती गेली.

पद्मिनी तीन वर्षे ठेवली. आमची खर्चाची वही आहे, त्यात दुरुस्तीची बेरीज २३ हजारांवर जाते, म्हणजे गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. तिघांत वाटल्यामुळे जड गेली नाही. २००४ साली ती ९ हजारांना दिली. पतपेढीचे कर्ज काढून ५५ हजारांना १९९४ ची मारुती ८०० आणली, ती मात्र एकट्याच्या नावावर.

इथे वाचक बंधुभगिनींना एक सांगणे आहे. जुनी गाडी विकताना पैसे मिळाले की आपण मोकळे, असे आपल्या माणसांना वाटते. तसे नाही. विकणाऱ्याने फॉर्म २९ वर आणि घेणाऱ्याने फॉर्म ३० वर सही करून नाव बदलून घेतलेच पाहिजे. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला कळवण्यासाठी १४ दिवस आणि घेणाऱ्याला ३० दिवस अशी मुदत कायद्यात आहे. विमाही नव्या नावावर करून घ्यावा. उद्या त्या गाडीने अपघात झाला तर भरपाईला आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव तोच मालक धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ मागून घ्यावा. नुसत्या स्टॅम्पपेपरवर गाडी देणारा कितीही ओळखीचा असो, नको म्हणावे.

मारुतीला अण्णा पहिल्या दिवशी "खेळणं" म्हणाले. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, चाके बारा इंची. पण तिचा पंखा विजेचा, पाणी तापले की आपोआप सुरू होणारा. त्याच बोरघाटात त्याच रांगेत ती एकदाही तापली नाही. खंबाटकी चढून गेल्यावर अण्णांनी डॅशबोर्डवर हात ठेवला, काही बोलले नाहीत. पेट्रोलचा खर्च जवळजवळ अर्ध्यावर आला, हे वहीत दिसते.

तिसरी गाडी ओम्नी, २००९ साली, दहा वर्षे जुनी. ती खरे तर आमच्यापेक्षा वस्तीची गाडी. इंजिन पुढच्या सीटखाली असल्याने चालवणाऱ्याची बैठक उन्हाळ्यात तव्यासारखी तापते, पण सरकता दरवाजा उघडला की आजारी माणसाला आडवे घेता येते. रात्री-बेरात्री दार वाजले की आम्ही किल्ली घेऊनच उठत असू. दोन बाळंतिणी आणि एक सर्पदंशाचा मुलगा या गाडीने वेळेवर पोहोचले. पैसे घेतले नाहीत, पेट्रोल ज्याला जमेल त्याने भरले. बाजारात त्या काळी बऱ्याच ओम्नी मागे घरगुती गॅसचा सिलिंडर लावलेल्या मिळत आणि स्वस्तही पडत. आम्ही अशा दोन बघून परत आलो. तो कायद्याने गुन्हा आहेच, शिवाय मुलाबाळांना सिलिंडरवर बसवून घाट चढायचा म्हणजे काय, याचा विचार ज्याने त्याने करावा.

आता या तिन्ही गाड्यांचे उत्पादन थांबले आहे. पद्मिनी तर टॅक्सी म्हणूनही ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतून गेली. त्या दिवशी अण्णांनी टीव्हीवरची बातमी दोनदा पाहिली आणि चॅनल बदलायला सांगितले.

आमची पुतणी या महिन्यात पक्क्या लायसन्सच्या परीक्षेला बसते आहे. तिला शिकायला जुनी ८०० किंवा आल्टो बघतो आहोत. अण्णांची दृष्टी आता अधू झाली आहे, पण इंजिनाचा आवाज ऐकायला ते बरोबर येणार आहेत. कोणाच्या ओळखीत गाडी असेल आणि कागद साफ असतील तर जरूर कळवावे.