दुसऱ्याच्या तोंडून

पूर्वी मराठीत लेखक व्हायचं तर पोस्टाची तिकिटं जवळ ठेवावी लागत. कथा पाठवताना सोबत आपलाच पत्ता घातलेलं, तिकीट चिकटवलेलं पाकीट जोडायचं. म्हणजे नापसंतीचा खर्चही आपणच आगाऊ भरायचा. मग पोस्टमनच्या सायकलकडे डोळे लावून बसायचं. गिरगावातल्या खटाववाडीतून, ‘सत्यकथा’ मासिकाच्या कचेरीतून, ते पाकीट परत आलं की घरातल्यांच्या नजरेला पडण्याआधी उशीखाली जाई. पण कधी कधी त्यात नुसतं ‘साभार परत’ नसे, पत्र असे. तिथले संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन ज्या बारकाईने वाचत, तसं त्या लेखकाचं लेखन तोवर कुणी वाचलेलं नसे. घरच्यांनी नाही, मास्तरांनी नाही, आणि खरं सांगायचं तर खुद्द लेखकानेही नाही.

१९६९ साली लघुअनियतकालिकं काढणाऱ्या तरुणांनी ‘सत्यकथे’ची होळी केली. तिथलं दार अरुंद आहे, आमच्या वस्तीतला, आमच्या तोंडचा शब्द त्यातून आत शिरत नाही, हा त्यांचा राग खोटा नव्हता. तरी मला त्या होळीत एक उलटा मानही दिसतो. जिथे कुणी वाचतच नाही अशा ठिकाणी काड्यापेटी घेऊन कोण जाईल? १९८२ मध्ये ‘सत्यकथा’ बंद पडली. नंतर पोस्टकार्डंही गेली. आता कविता लिहून झाली की मिनिटभरात ती दोनशे जणांच्या गटावर पडते आणि पुढच्या मिनिटाला खाली अंगठे उगवतात, गुलाबाची फुलं उगवतात, ‘अप्रतिम सर’ उगवतं. कुणी काही परत पाठवत नाही. नव्या लेखकाची आजची अडचण नकाराची नाहीच. त्याला नकारसुद्धा मिळेनासा झालाय.

चिपळूणच्या एका दोन दिवसांच्या लेखन-कार्यशाळेत मला हे प्रकर्षाने जाणवलं. गावातल्या चार वाचणाऱ्या माणसांनी वर्गणी काढून, ओळखीच्या शाळेचा एक वर्ग मागून घेऊन ती भरवली होती. डिसेंबरातला शनिवार-रविवार. सकाळी वाशिष्ठीवर धुकं आणि दहा वाजता शर्टाच्या बाह्या दुमडायला लावणारं ऊन. सातवीच्या बाकांवर मोठी माणसं बसली होती आणि त्यांचे गुडघे बाकाखाली मावत नव्हते. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर, एक अंगणवाडी सेविका, पोस्टाच्या काउंटरवर उभी हयात काढलेल्या एक बाई, कॉलेजातल्या तीन मुली, एक आंबा बागायतदार, आणि गझल लिहिणारा एक औषधदुकानदार. हा शेवटचा गृहस्थ प्रत्येकाला सुरेश भटांच्या ‘गझलची बाराखडी’ची झेरॉक्स वाटत होता. मात्रा मोजताना त्याची बोटं अंगठ्यावर अशी चालत, की जपमाळ ओढतोय असं वाटावं.

उद्घाटन व्हायचं ते झालंच. समई, हार, श्रीफळ, आणि ‘साहित्य म्हणजे समाजाचा आरसा’ हे वाक्य ज्यात दोनदा आलं असं भाषण. याबद्दल अधिक लिहीत नाही. २०१३ साली याच गावात शहाऐंशीवं साहित्य संमेलन झालं, तेव्हाच्या भाषणांचा साठा अजून शिल्लक असावा. गंमत एवढीच की भाषण चालू असताना वह्या उघडलेल्या होत्या आणि माणसं खाली मान घालून ते वाक्य उतरवून घेत होती. लिहायला शिकायचं म्हणजे कुणीतरी सांगितलेलं उतरवून घ्यायचं, ही शाळेतली सवय. आणि बसायला बाकही शाळेचेच.

पहिल्या दिवशी ‘आठवणीतला एक प्रसंग’ लिहायचा होता. विषय फार मोघम, पण चिपळूणमध्ये मोघम विषयालाही ठरलेली वाट असते. निम्म्याहून अधिक वह्यांत २२ जुलै २०२१ होता. त्या पहाटे वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्या गावात शिरल्या आणि बाजारपेठ बुडाली. अंगणवाडी सेविकेने लिहिलं होतं, ‘निसर्गाच्या रौद्र रूपापुढे मानव हतबल झाला. होत्याचे नव्हते झाले. अतोनात नुकसान झाले.’ अक्षर सुरेख. वाचताना आवाजही नीट. आणि ऐकणाऱ्यांपैकी एकाच्याही चेहऱ्यावर काही हललं नाही, हे सगळे स्वतः त्या पाण्यात उभे राहिलेले असूनही.

चहाच्या वेळी, वडापावच्या कागदाला तेल पुसता पुसता, तीच बाई शेजारणीला सांगत होती. माळ्यावर सगळे चढून बसलेले, सासूबाईंना दोरीने वर ओढून घेतलेलं. खाली घरभर पाणी. तांदळाचा पत्र्याचा डबा, झाकण घट्ट बसलेला, तो तरंगत वर आला आणि माळ्याच्या फळ्यांना आदळू लागला. “दिवसभर त्यो डबा आमच्या पायाखाली ढबढब करत व्हता. सासूबाय म्हनल्या, वाजतोय तोवर तांदूळ सुका हाय.”

मी म्हटलं, बाई, हे का नाही लिहिलं?

त्या गोंधळल्या. “ते काय लिहायचं? ते तर झालंच.”

इतकं खरं उत्तर मला लेखनाबद्दलच्या पुस्तकांत सापडलेलं नाही. झालेलं ते लिहायचं नसतं, लिहायचं ते वेगळंच काहीतरी, ‘निसर्गाचं रौद्र रूप’ वगैरे, हे तिला कुणी तरी शिकवलेलं होतं. निबंधाच्या वहीत ‘व्हता’ला लाल रेघ बसल्यावर ‘व्हता’बरोबर डबाही जातो, सासूबाईही जातात. फोनवर बोलून मजकूर उतरवणाऱ्या एका मुलीने दाखवलं, तिच्या आजीचं बोलणं फोन परस्पर शुद्ध करून टाकत होता. म्हणजे लाल शाई आता खिशातच आली म्हणायची.

त्या दुपारी कवयित्री बहिणाबाईंचा विषय निघाला तो यावरूनच. त्यांना लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात सुचलेलं दुसऱ्यांनी टिपून ठेवलं, आणि १९५१ मध्ये त्या गेल्यावर मुलाने, सोपानदेवांनी, ते कागद अत्र्यांपुढे ठेवले. १९५२ साली पुस्तक निघालं. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी. आईच्या लेवा बोलीला पुणेरी इस्त्री फिरवणं त्यांच्या हातात होतं आणि त्या काळात कुणी नावंही ठेवली नसती. त्यांनी ते केलं नाही. मराठीतल्या संपादनाचं मोठं काम कोणतं असं मला विचारलं तर मी या न केलेल्या कामाचं नाव घेईन.

ज्यासाठी हे लिहायला घेतलं ती गोष्ट रविवारी सकाळी झाली. वह्यांची अदलाबदल करायची आणि दुसऱ्याचं लिहिलेलं मोठ्याने वाचायचं, असा खेळ ठरला. ज्याचं लेखन त्याने फक्त ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही, ‘मला असं म्हणायचं होतं’ हे तर नाहीच. साधी गोष्ट वाटते. पण स्वतःचं वाक्य परक्या तोंडून ऐकताना माणसं कशी होतात ते पाहायला हवं. बागायतदार खिडकीबाहेर बघू लागले. औषधदुकानदाराने चष्मा काढून ठेवला, जणू ऐकण्याच्या आड तोच येत होता.

आपण वाचतो तेव्हा आपलं वाक्य कधीच अडखळत नाही. कागदावर जे उतरलं नाही ते आपण आवाजाने भरून काढतो: इथे जरा थांबतो, तिथे मान हलवतो, दुःखाच्या जागी आवाज बारीक करतो. दुसऱ्याजवळ हे काहीच नसतं. त्याच्यापुढे नुसती अक्षरं. त्यामुळे तो जिथे अडखळतो तिथे काहीतरी असतं. बहुतेक वेळा नको असलेला एक शब्द, कधी सुटलेला कर्ता, कधी लेखकालाच नीट न कळलेली गोष्ट. कॉलेजातल्या एका मुलीची आईवरची कविता कंडक्टरांच्या वाट्याला आली. तीस-पस्तीस वर्षं ‘चला, पुढे सरका’ म्हणून म्हणून कमावलेला आवाज तो. पहिल्या चार ओळी त्यांनी थांब्यांची नावं पुकारावीत तशा वाचल्या आणि वर्ग हसला. मुलगी लालबुंद. पाचव्या ओळीत ‘वात्सल्यसिंधू’ आला. कंडक्टर थबकले, शब्द पुन्हा पाहिला, मागे गेले, पुन्हा आले. पुढच्या ओळीत आई रेशनच्या रांगेत चप्पल ठेवून घरी येते आणि भाकरी टाकून पुन्हा चपलेजवळ जाऊन उभी राहते, एवढंच होतं. ती ओळ त्यांनी कुठेही न थांबता वाचली. मग आपणहून परत वाचली. आवाज तोच, थांबे पुकारणारा. पण या वेळी कुणी हसलं नाही. वही परत मिळताच मुलीने पेनने ‘वात्सल्यसिंधू’ खोडला. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

गटावरच्या त्या अंगठ्यांवर माझा राग आहे तो यासाठी. अंगठा अडखळत नाही. तो वाक्यात शिरतच नाही, वरच्या वर निघून जातो. चांगला वाचक म्हणजे फार कौतुक करणारा नव्हे आणि फार फटकारणाराही नव्हे. आपल्या ओळीवर तो अडखळेल इतका वेळ तरी देणारा. १९२३ मध्ये पुण्यात जमलेल्या रविकिरण मंडळातले कवी एकमेकांच्या कवितांना चहाबरोबर हेच देत असावेत असं मला वाटतं. मागाहून त्यांच्यावर टीका भरपूर झाली, चहाच्या पेल्यावरूनसुद्धा. पण माधव जूलियनांसारख्या व्याकरणाच्या कट्टर माणसासमोर कविता वाचायची म्हणजे चहा गोड लागत असेलच असं नाही.

त्याच मंडळातले दिवाकर दुपारी उपयोगी पडले. त्यांनी एक्कावन्न नाट्यछटा लिहिल्या आणि प्रत्येकीत बोलतं ते एकच माणूस. समोरच्याचं उत्तर छापलेलं नसतं, ते बोलणाऱ्याच्या पुढच्या वाक्यातून कळतं. नव्या लेखकाला याहून चांगली शिकवणी नाही, कारण यात वर्णन करायला जागाच ठेवलेली नाही. विशेषणं दारातच थांबतात. अर्ध्या तासात कंडक्टरांनी एक नाट्यछटा लिहून दिली. चालत्या गाडीत सुट्ट्या पैशांवरून एका म्हातारीशी वाद. आधी आवाज चढलेला, मग तिला कुठे उतरायचंय ते विचारणं, मग ‘अहो, ते गाव मागेच गेलं’, मग ‘मुलगा आणायला येणार होता का?’, आणि मग ‘राहू द्या ते पैसे’. अंगणवाडीच्या बाईंनी ती वाचली आणि त्या एकदाही अडखळल्या नाहीत. ती म्हातारी कशी दिसत होती हे त्यात कुठेच नव्हतं. आम्हा सगळ्यांना ती दिसली मात्र.

जेवणाला कुळथाची पिठी, भात आणि सोलकढी होती. पंगतीत कळलं की वर्गातल्या बायकांपैकी बहुतेकींनी दोन दिवसांचा स्वयंपाक शुक्रवारी रात्रीच करून ठेवला होता. एकीने घरी ‘पोषण आहाराचं प्रशिक्षण आहे’ असं सांगितलं होतं. पुरुषांपैकी कुणाला अशी थाप मारावी लागली नव्हती. लेखकांच्या जमण्याला आपल्याकडे जुनी परंपरा आहे. १८७८ मध्ये रानडे आणि लोकहितवादींनी ग्रंथकारांना पुण्यात एकत्र बोलावलं. पुढे १८८५ च्या सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून नाकारलं. कोण जमलं यापेक्षा कोण जमू शकलं नाही, ही यादी नेहमीच अधिक वाचनीय असते. त्या वर्गात आदल्या रात्री वाडीहून निघणारी गाडी चुकल्यामुळे एक जागा रिकामी होती, आणि मासळी विकणारी एक बाई शनिवारी अर्धा दिवस बसून गेली ती रविवारी आली नाही. रविवार तिचा धंद्याचा दिवस.

संध्याकाळी काहीजणांबरोबर लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या अंगावरून चालत गेलो. १८६४ पासूनचं वाचनालय. २००५ च्या पुरात आणि पुन्हा २०२१ मध्ये पाणी त्याच्या आत गेलं, पुस्तकं गेली. भिजलेलं पुस्तक फुगतं आणि कपाटात असं घट्ट बसतं की ओढून निघत नाही, असं बरोबरचे एकजण सांगत होते. त्यांनी ती ओढून काढली होती. दोनदा बुडून हे वाचनालय पुन्हा उभं राहिलं. एवढं असलेल्या गावात वाचणारे नाहीत अशी तक्रार करणं बरं नव्हे. वाचणारे आहेत, फक्त ते शेजारच्या बाकावरच्या माणसाचं लिहिलेलं वाचत नाहीत. त्याने वर्गणी काढून छापलं तरच, आणि तेही प्रकाशनाला गेल्यामुळे.

शेवटच्या सत्रात प्रमाणपत्रं वाटायची होती, त्याआधी कुणीतरी गट काढायची सूचना केली. लगेच फोन बाहेर आले. पोस्टातल्या बाई तोपर्यंत फारसं बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, गट नको, हस्तलिखित काढू. वर्षातून दोन अंक, एकच प्रत, ती घरोघर फिरेल. संपादक कोण, म्हटल्यावर सगळे एकमेकांकडे बघू लागले. गावात राहून गावातल्याच माणसाला ‘नाही’ म्हणायचं काम कुणाला हवंय? बागायतदारांनी भाचीच्या लग्नाचं कारण काढलं. औषधदुकानदार म्हणाले, मी फक्त गझल विभाग बघेन.

“मी करते,” बाई म्हणाल्या. “पण मजकूर कागदावर पाहिजे, पाठकोरा. मागची बाजू माझी. आणि सोबत तिकीट लावलेलं पाकीट.”

“पाकीट कशाला?” कंडक्टर म्हणाले. “आपण समोरासमोर तर राहतो.”

“समोरासमोर नाही म्हणता येत नाही म्हणून.”

“आणि परत आलं तर कारण लिहिणार?”

“लिहिणार.”

“किती लांब?”

बाईंनी त्यांची नाट्यछटा हातात घेऊन मागची बाजू उलटून पाहिली. “एवढं पुरेल,” म्हणाल्या.