चिंध्यांची बाहुली आणि आम्ही दोघी जावा

घरातली जुनी वस्तू फाटली, मोडली की तिचे दोनच प्रकार होतात. एक तर ती भंगारवाल्याच्या हातगाड्यावर जाते, नाहीतर तिला नवा रंग, नवे कापड लावून अशी सजवली जाते की जिची वस्तू तिलाच ती ओळखू येऊ नये. तिसराही एक मार्ग आहे. जेवढे गेले तेवढ्यालाच आधार द्यायचा आणि जे उरले त्याला हात लावायचा नाही. आम्ही केजला राहणाऱ्या दोघी जावा. घरी शिलाई मशीन आहे. ब्लाऊज शिवतो, वाकळा शिवतो. या तिसऱ्या मार्गाने आम्ही घरातली एक बाहुली दुरुस्त केली. तिची हकीकत भगिनींच्या उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहोत.

बाहुली आमच्या सासूबाईंची. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्यांचे वय आज ऐंशीच्या पुढे आहे. त्या सात-आठ वर्षांच्या असताना त्यांच्या आईने ती शिवली. म्हणजे बाहुलीची ७५ वर्षे सहज झाली. लांबी दीड वीत. कापडाचे दोन सारखे तुकडे कापून कडेने शिवलेले, उलटे करून आत कापूस आणि चिंध्या भरलेल्या. डोळे काळ्या दोऱ्याचे, तोंड लाल दोऱ्याचे.

कापड कुठले, तेही सांगायला हवे. आत्याबाईंची आई गावातल्या एका मोठ्या घरी राबत असे. एकदा मजुरीऐवजी तिच्या हातात जुनेर पडले. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना नीटनेटके लुगडे नेसायला सांगितले होते. ते बोल निजामाच्या मुलखातल्या आमच्या खेड्यात तोंडातोंडी यायला वेळ लागला, पण आले. त्या माउलीने ठरवले होते की दुसऱ्याने टाकलेले अंगावर घालायचे नाही. फेकायलाही परवडत नव्हते. मग त्या जुनेराची तिने वाकळ केली आणि उरलेल्यातून लेकीला बाहुली. पुढे १९५६ च्या धर्मांतरानंतर घरातले देव नदीत गेले. बाहुलीपुढे कधी कुणी हात जोडले नव्हते, म्हणून ती राहिली.

लग्नानंतर आत्याबाई ऊसतोडीला जाऊ लागल्या. केज तालुक्यातून दिवाळीच्या सुमारास कोयते बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात, हे वाचकांना ठाऊकच आहे. बाहुली त्यांच्याबरोबर कारखान्या-कारखान्यावर हिंडली. कोपीत झोळीला बांधलेली असायची. पोरगं रडलं की त्याच्या हातात. पुढे ती पत्र्याच्या पेटीत गेली. दोन पावसाळ्यांपूर्वी पेटीत पाणी शिरले, गंजाचे डाग पडले, कसर लागली आणि उंदराने दोन्ही पाय कुरतडले.

बाहुली पाहून आमची कॉलेजला जाणारी पुतणी म्हणाली, "त्यापेक्षा नवीन शिवून द्या ना. आजीला कुठं दिसतंय?" पोरीचे चुकले नव्हते. काचबिंदूने आत्याबाईंची नजर गेली आहे आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. पण बाहुली हातात दिली की त्या बोटांनी कडेची शिवण चाचपतात. त्यांनी सांगितले, "मला नवी नगं. माह्या आयचा टाका मला हाताला कळतो." तेव्हा आमच्या लक्षात आले की काम अवघड आहे. मशीन चालवली असती तर अर्ध्या तासात बाहुली उभी राहिली असती. पण आत्याबाईंच्या बोटांना त्यात आई सापडली नसती.

अशी दुरुस्ती कशी करतात याचा विचार करताना आम्हाला तेर आठवले. केजहून कळंबमार्गे जाता येते. तेर म्हणजे सातवाहनांच्या काळातले तगर, मोठे व्यापारी गाव. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गावात सापडणाऱ्या जुन्या वस्तू जपल्या. त्यांच्याच नावाने तेथे शासकीय संग्रहालय झाले. तिथल्या भाजक्या मातीच्या बाहुल्या आम्ही पूर्वी पाहिल्या होत्या. पांढरट मातीच्या, सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या. समोरचा एक साचा, पाठीचा एक साचा. दोन्हींत माती दाबायची, दोन अर्धे जोडायचे, आत पोकळ ठेवायचे. आमची बाहुली कापडाची, पण बांधणी तीच. पुढचा तुकडा, मागचा तुकडा, कडेला जोड. कुणाला हात नाही, कुणाचे नुसते डोकेच उरलेले. आणि तरीही केसांची ठेवण, कानातले दागिने स्पष्ट दिसतात. तुटलेली म्हणून त्यांची किंमत कमी झालेली नाही.

तेरलाच एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली आहे. तिच्याच जातकुळीची मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पाँपेई येथे सापडली. ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते. म्हणजे आमच्या शेजारच्या गावाचा संबंध कुठवर होता ते पाहा. ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक पुस्तकात तगरचे नाव आहे. तेथून गाड्या भरभरून कापड भडोचच्या बंदराकडे जाई, असे त्यात लिहिले आहे.

आता गंमत अशी की, ज्या तगरचे कापड एवढे प्रसिद्ध, त्या गावातल्या लेकरांच्या हातात चिंध्यांची बाहुली नसेल हे पटत नाही. पण मातीची राहिली, हस्तिदंताची राहिली. कापडाची राहिली नाही. आपल्याकडच्या पावसात आणि वाळवीत कापड टिकत नाही. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये रोमन काळातली एक चिंध्यांची बाहुली आहे, जाड्याभरड्या लिननची, आत चिंध्या आणि पपायरसचे तुकडे भरलेली. ती इजिप्तची. तिथल्या कोरड्या हवेने आणि वाळूने तिला सांभाळले. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या घरांतल्या वस्तू आणि खेळणी मोठ्या कष्टाने जमवलेली आहेत. दिनकर केळकरांनी ती सुमारे १९२० पासून जमवली आणि १९७५ मध्ये शासनाला दिली. पण संग्रहालयात यायला आधी वस्तू टिकावी लागते. पूर्वी बऱ्या घरांत सुताराने घडवलेली लाकडी ठकी असे. राबणाऱ्या घरांत चिंध्यांचीच बाहुली. ती खेळून खेळून विरायची आणि शेवटी चुलीत जायची. आपल्या आज्या-पणज्यांच्या हातची कला कुठे दिसत नाही याचे हेही एक कारण आहे. कला नव्हती असे नाही, ती चिंधीत होती.

असो. आता दुरुस्ती. संग्रहालयांत काम करणारे जाणकार दोन नियम पाळतात. पहिला, आपण केलेली दुरुस्ती पुढे कुणाला उसवावीशी वाटली तर मूळ वस्तूला धक्का न लागता उसवता आली पाहिजे. म्हणून फुटलेली मातीची वस्तू ते कायमच्या पक्क्या गोंदाने चिकटवत नाहीत. पॅरालॉइड बी-७२ नावाचा पदार्थ वापरतात, तो ॲसिटोनने पुन्हा विरघळतो. दुसरा नियम, दुरुस्ती लांबून डोळ्यांत खुपू नये, पण जवळून पाहिल्यावर लपूही नये. जुने किती आणि नवे किती, हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे.

आम्ही आधी बाहुलीचे सगळ्या बाजूंनी मोबाईलवर फोटो काढले. कुठे काय गेले आहे ते वहीत लिहिले. मग कसरीचा बंदोबस्त. औषध मारले असते तर कापडावर डाग पडले असते. म्हणून बाहुली स्वच्छ पांढऱ्या फडक्यात गुंडाळली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधले आणि ओळखीच्या आइसक्रीमवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवली. तिथे थंडी उणे १८ अंशांच्या आसपास असते. किडा आणि त्याची अंडी तीत मरतात. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडायची नाही. नाहीतर गार कापडावर हवेतले पाणी धरते.

धुतली मात्र नाही. जुने कापड भिजले की जड होते आणि स्वतःच्या वजनानेच फाटते. रंगही पसरतो. ओल्या कापसाचा बोळा एका कोपऱ्यात हलकेच टेकवून पाहिला, तर तो लालसर झाला. तेव्हा पाणी बंद. मऊ ब्रशने धूळ तेवढी झटकली. गंजाचे डाग राहू दिले. लिंबू चोळून डाग जातात, पण त्याबरोबर कापडही जाते.

पायांकडची शिवण उंदराने उसवलेलीच होती, तिथूनच काम केले. नव्या मलमलीची खळ उकळून काढली. भोकापेक्षा बोटभर मोठे ठिगळ कापून ते वरून न लावता आतून सरकवले आणि एकेरी सुती दोऱ्याने, जमेल तिथे जुन्याच भोकांतून सुई घालत, हलका धावदोरा घातला. दोरा ओढायचा नाही. ओढला की जुने कापड चिरते. ठिगळाचा रंग मुद्दाम एक छटा फिका ठेवला. आतला जुना कापूस, सरकीच्या दाण्यांसकट, होता तसा परत भरला. उंदराने जेवढा नेला तेवढाच नवा घातला, तोही मलमलीच्या छोट्या पिशवीत शिवून. उद्या कुणाला काढायचा झाला तर नेमका तोच निघेल.

कडेची शिवण कमरेपासून डोक्यापर्यंत शाबूत होती. तिला आम्ही सुई लावली नाही.

राहिला डोळा. बाहुलीचा डावा डोळा नाही. सुईची भोके तेवढी दिसतात. पुतणीचा हट्ट होता की डोळा तरी घाला, बिचारी आंधळी दिसते. आम्हालाही मोह झाला. चार टाक्यांचे काम. आत्याबाईंना विचारले तर त्या हसल्या. म्हणाल्या, "त्यो डोळा माह्या थोरल्यानं खाल्लाय. दात येत व्हते तवा. मी फडात, अन् ह्यो कोपीत बाहुली चघळत. त्याला हात लावू नगा." ते थोरले आता नाहीत. आम्हा दोघींतल्या थोरलीचे ते मालक. त्यांचा लहानपणीचा फोटो नाही. त्या काळी कोपीत फोटो कोण काढणार? त्यांच्या बाळपणीची खूण म्हणावी अशी हीच चार भोके. थोरलीने बाहुली बराच वेळ हातात धरली, मग सुई डब्यात ठेवून दिली.

आणखी एक गोष्ट घडली. बाहुलीचे कापड बाहेरून मातकट झाले आहे. मूळ रंग कुणालाच सांगता येत नव्हता. पायाच्या उसवलेल्या शिवणीत आतली दुमड दिसली. तिथे ऊन पोहोचले नव्हते, हात पोहोचला नव्हता. रंग डाळिंबी होता, काल रंगवल्यासारखा. आत्याबाईंना सांगितले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "डाळिंबीच व्हतं. आयला तो रंग लई आवडायचा. पर ते लुगडं तिनं एक दिस सुदिक नेसलं न्हाई."

भगिनींनो, तुमच्याही पेटीत, माळ्यावर अशी एखादी बाहुली, कुंची, वाकळ असेल. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवू नका. आत दमट होऊन बुरशी येते. वर्तमानपत्रात गुंडाळू नका; त्या कागदातल्या आम्लाने कापड पिवळे पडते. खळ काढलेल्या जुन्या मऊ सुती कापडात सैल गुंडाळा, घड्या मोडू नका, भिंतीला आणि जमिनीला लागून ठेवू नका, महिन्यातून एकदा सावलीत उघडून पाहा. कडक उन्हात वाळत घालू नका. मातीची बाहुली फुटली तर झटपट चिकटणारा गोंद लावण्याची घाई करू नका; तुकडे कापसात नीट गुंडाळून एका डब्यात ठेवा. तुकडे असले तर बाहुली पुढेही जोडता येते.

आणि सोबत एक चिठ्ठी ठेवा. संग्रहालयात प्रत्येक वस्तूची नोंदवहीत नोंद असते. आपल्या घरी ती चिठ्ठीच नोंदवही. आमच्या चिठ्ठीवर पेन्सिलने लिहिले आहे : बाहुली कुणी शिवली, कोणत्या कापडाची, सुमारे कोणत्या साली, डोळा कसा गेला, दुरुस्ती कुठे आणि कुणी केली. लिहिताना आत्याबाईंना त्यांच्या आईचे पूर्ण नाव विचारले. त्यांनी ते सांगितले आणि पुन्हा एकदा वाचून दाखवायला लावले. सातबारा तिच्या नावाचा नव्हता, शाळा तिने पाहिली नव्हती, फोटो नाही. आमच्या माहितीप्रमाणे त्या बाईचे नाव कागदावर आले ते हेच पहिल्यांदा.